एचटीएमएल शिकायचंय? आधी पान ठरवा, मग शिकवणी निवडा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला विचारतं, "एचटीएमएल कुठून शिकू?" एचटीएमएल म्हणजे वेबपानं लिहायची भाषा. विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये तोवर पंधरा-वीस लिंका, दोन-तीन पीडीएफ आणि एखादा आठ तासांचा व्हिडिओ साठलेला असतो. शिकणं मात्र सुरू झालेलं नसतं. म्हणून हल्ली मी लगेच नवी लिंक देत नाही. आधी विचारतो, पान कशाचं बनवायचंय?

गेल्या उन्हाळ्यात भाचीने विचारलं तेव्हाही हेच झालं. तिची आई, म्हणजे माझी ताई, घरी वाळवणं करून विकते. कुरडया, सांडगे, तांदळाचे पापड, बोटव्या. भाव विचारायला लोक दिवसभर फोन करतात. तेव्हा ठरलं, ताईच्या वाळवणांचं एक पान करायचं. भाचीने वहीच्या पानावर पेन्सिलीने आखून घेतलं: वर मथळा, खाली दोन परिच्छेद, पदार्थांची यादी, भावाचा तक्ता, तीन फोटो आणि दाबलं की थेट फोन लागेल अशी लिंक.

त्या एका कागदात पहिल्या महिन्याचं जवळजवळ सगळं एचटीएमएल आलं. या भाषेत आज शंभराहून जास्त टॅग, म्हणजे मजकुराचा तुकडा काय आहे ते सांगणाऱ्या कोनी कंसांतल्या खुणा, आहेत, पण अशा पानाला वीसेक पुरतात. आणि एक मोठा फायदा झाला: समोर येणारं प्रत्येक साधन मोजायला हाताशी माप आलं. हा धडा मला माझ्या तक्त्यापर्यंत नेतोय का? नेत नसेल तर तो आज नको.

तुम्हीही आधी हेच करा. पान खरं असू द्या. गावातल्या वाचनालयाची वेळ, आजोबांच्या कविता, गल्लीतल्या गणेश मंडळाचा कार्यक्रम, काहीही चालेल. "माझं पहिलं वेबपेज" नावाचं रिकामं पान घेऊ नका. त्यात भरायला काही नसतं, म्हणून शिकायलाही काही उरत नाही.

ब्राउझर चुका पोटात घालतो

साधनं कशी पारखायची हे सांगण्याआधी मी कसा फसलो ते सांगतो, कारण पुढचा सगळा सल्ला त्यातूनच आला आहे.

मी एचटीएमएल शिकलो ते शहरातल्या एका क्लासमध्ये. फी भरून, झेरॉक्सच्या नोट्सवरून. अक्षर लाल करायचं तर फॉन्ट टॅग, मजकूर मधोमध आणायचा तर सेंटर टॅग, मजकूर पळवायचा तर मार्की, आणि पानाची मांडणी करायची तर तक्त्यात तक्ता. लिहिलेलं सगळं पडद्यावर दिसायचं, त्यामुळे आपल्याला येतंय अशी माझी खात्री झाली होती. पहिल्या कामाच्या ठिकाणी सीनियरने माझं पान उघडलं, सोर्स म्हणजे पानामागचा कोड पाहिला आणि सगळं पुन्हा लिहायला लावलं. मी शिकलेलं निम्म्याहून अधिक त्या वेळी आधीच मोडीत निघालेलं होतं, आणि हे मला ना क्लासने सांगितलं होतं ना ब्राउझरने.

ब्राउझरचा स्वभावच तसा आहे. टॅग बंद करायचा राहिला, जुना टॅग वापरला, स्पेलिंग चुकलं, तरी तो तक्रार करत नाही. अंदाज बांधतो आणि जमेल तसं पान दाखवतो. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत एचटीएमएल तयार केलं. १९९१ मध्ये त्याचं जे पहिलं वर्णन जाहीर झालं त्यात अवघे १८ टॅग होते. सर्नने ते जगातलं पहिलं संकेतस्थळ जपून ठेवलं आहे आणि आजच्या ब्राउझरमध्ये ते व्यवस्थित उघडतं. उघडलंत की कंट्रोल आणि यू दाबून त्याचा सोर्स जरूर पाहा. मथळा, परिच्छेद, लिंका, यादी, सगळं ओळखीचं वाटेल.

तीस वर्षांपूर्वीचं पान आज उघडतं हे वेबचं मोठेपण आहे. नवशिक्याला मात्र याचाच चकवा लागतो, कारण तीस वर्षांपूर्वीचा धडाही आज "चालतो". म्हणून चांगल्या साधनाची माझी व्याख्या साधी आहे: ब्राउझर जे पोटात घालतो ते जे उघड करून सांगतं, ते चांगलं साधन.

पाच मिनिटांत पारख

व्हिडिओ असो, पुस्तक असो की क्लासच्या नोट्स, पहिल्या पूर्ण उदाहरणाकडे जा. पहिल्या ओळीत डॉकटाइप, म्हणजे हे पान एचटीएमएलचं आहे असं सांगणारी ओळ, आहे का? आजच्या एचटीएमएलचा डॉकटाइप दोन शब्दांचा असतो. तिथे दोन-तीन ओळींचा लांबलचक पत्ता दिसला, तर ते साहित्य एचटीएमएल ४ किंवा एक्सएचटीएमएलच्या काळातलं, म्हणजे १९९७ ते २००० च्या आसपासच्या नियमांवरचं आहे. दुसरं, हेडमध्ये, म्हणजे पानावर न दिसणाऱ्या वरच्या भागात, यूटीएफ-८ ची (अक्षरं साठवायच्या पद्धतीची) ओळ आहे का? मराठीसाठी ही ओळ म्हणजे प्राण, त्यावर पुढे सविस्तर येतो. तिसरं, फोटोच्या टॅगला ऑल्ट लिहिलाय का? ऑल्ट म्हणजे फोटो दिसला नाही तर, किंवा दृष्टिहीन वाचकाला ऐकवण्यासाठी, लिहिलेलं वर्णन. जो शिक्षक पहिल्याच फोटोला ऑल्ट लिहितो तो पुढेही नीट शिकवेल असा माझा अनुभव आहे. आणि फॉन्ट, सेंटर, मार्की, फ्रेमसेट यांतलं काही "हे टॅग शिकूया" म्हणून आलं, तर ते साहित्य तिथेच मिटवा.

जाहिरातींतल्या आकड्यांकडे लक्ष देऊ नका. एचटीएमएल ५ हे अधिकृत मानक म्हणून ऑक्टोबर २०१४ मध्ये जाहीर झालं. २०१९ मध्ये वेबच्या दोन मानक संस्था, डब्ल्यूथ्रीसी आणि व्हॉटडब्ल्यूजी, यांनी करार केला आणि तेव्हापासून व्हॉटडब्ल्यूजीकडचं एकच मानक चालतं. ते सतत सुधारत राहतं आणि त्याला आवृत्तीचा आकडा नसतो. त्यामुळे "एचटीएमएल ६ शिका" असं कुणी म्हणालं तर तिथे पैसे भरू नका. खरं तर नुसत्या एचटीएमएलसाठी कुठेच पैसे भरू नका, उत्तम साहित्य फुकट आहे. समोर बसून शिकवणारं माणूस हवं म्हणून क्लास लावायचा असेल तर जरूर लावा, पण प्रवेशाआधी नोट्स मागून घ्या आणि वरची पारख करून पाहा.

एक शिकवणी, एक कोश

दोनच साधनं घ्या. एक धडे देणारं, दुसरं अडलं की उघडून पाहायचं. वाचायला शिकताना एक पुस्तक आणि एक शब्दकोश लागतो, तसं. बाकीच्या लिंका एका फाइलमध्ये टाकून ठेवा आणि महिनाभर ती फाइल उघडू नका.

कोश कोणता, यावर माझं मत पक्कं आहे: एमडीएन. मोझिलाने २००५ मध्ये सुरू केलेलं हे दस्तऐवजांचं भांडार आज वेबवर काम करणाऱ्यांचं रोजचं ठिकाण आहे. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, गूगल आणि डब्ल्यूथ्रीसीसुद्धा या कामात सामील झाले. प्रत्येक टॅगला स्वतंत्र पान आहे. टॅग मोडीत निघाला असेल तर वरच ठळक इशारा असतो, आणि तळाशी कोणत्या ब्राउझरमध्ये तो कधीपासून चालतो याचा तक्ता असतो. भाचीला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावलं. एमडीएनवर फॉन्ट टॅग शोध, काय लिहिलंय ते वाच, मग टेबल टॅग शोध. दोन पानांतला फरक पाहिल्यावर कोश कसा वाचायचा हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

शिकवणी मात्र माणसागणिक वेगळी.

वाचून शिकणाऱ्याने एमडीएनचाच शिकण्याचा विभाग घ्यावा. त्यात एचटीएमएलने मजकुराची रचना करण्याचा जो भाग आहे, तो धड्यांनंतर आव्हानं देतो. एका आव्हानात साधा मजकूर म्हणून एक पत्र हाती येतं; कुठे पत्ता, कुठे तारीख, कुठे मथळा, कुठे यादी हे ओळखून टॅग लावायचे. दुसऱ्यात ग्रहांच्या माहितीचा तक्ता बांधायचा असतो. पत्राचं आव्हान मला फार आवडतं, कारण एचटीएमएलचं खरं काम तेच आहे: मजकुराचा कोणता तुकडा काय आहे ते सांगणं. तो कसा दिसावा हे सीएसएसचं काम. ही गोष्ट पहिल्या आठवड्यात डोक्यात बसली की पुढची दोन वर्षं सोपी जातात.

हाताला धरून चालवणारं कुणी हवं असेल तर फ्रीकोडकँप. ही २०१४ पासून चालणारी ना-नफा संस्था आहे. डावीकडे सूचना, उजवीकडे तुमचा कोड, आणि चुकलं की तिथल्या तिथे कळतं. सुरुवातीलाच मांजरांच्या फोटोंचं पान बनवायला लावतात. माझी एकच सूचना: तिथे पावलं फार छोटी असतात, त्यामुळे वीस पावलं पटापट होतात आणि तरी रिकाम्या फाइलसमोर बसलं की हात थबकतो. म्हणून तिथे जे शिकलात ते त्याच दिवशी तुमच्या स्वतःच्या पानात उतरवा.

ज्याला पुढे हीच नोकरी करायची आहे आणि चार-सहा महिने द्यायची तयारी आहे, त्याने द ओडिन प्रोजेक्ट पाहावा. तिथे आधी लिनक्स किंवा मॅक, कमांड लाइन (टाइप करून संगणकाला आज्ञा देणं), गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) यांची मांडणी करून घेतात आणि मग एचटीएमएल येतं. पहिला प्रकल्प पाककृतींच्या संकेतस्थळाचा असतो. रस्ता चढणीचा आहे. नुसतं एक पान करायचं असलेल्याला मी तो सुचवत नाही.

डब्ल्यूथ्रीस्कूल्स सगळ्यांना माहीत असतं, कारण शोधलं की तेच वर येतं. नॉर्वेमधल्या एका कंपनीचं हे संकेतस्थळ १९९८ पासून आहे, आणि नावात साम्य असलं तरी डब्ल्यूथ्रीसी या मानक संस्थेशी त्याचा काही संबंध नाही. तिथलं "स्वतः करून पाहा" बटण मात्र खरंच उपयोगी आहे. एखादा टॅग पटकन करून बघायचा तर उत्तम. "हे असंच का" याचं उत्तर तिथे त्रोटक असतं, म्हणून मी त्याला शिकवणीची जागा देत नाही.

गूगलच्या वेब डॉट देव्हवरचा एचटीएमएलचा अभ्यासक्रम दुसऱ्या महिन्यासाठी राखून ठेवा. फॉर्म, लिंका, फोटो यांवरचे तिथले धडे खोल आहेत आणि थोडं येत असलं की ते फार गोड लागतात.

आणि मराठीत? सलग, अद्ययावत, पहिल्यापासून शेवटपर्यंत नेणारी मराठी शिकवणी मी अजून डोळे झाकून सुचवू शकेन अशी नाही. बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात वेब डिझायनिंगची प्रकरणं आहेत. घरात पुस्तक असेल तर चाळा, सरावाचे प्रश्न बरे असतात. फाइल, फोल्डर, संगणक यांचीच सवय नसेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. त्यात लिनक्स, लिबरऑफिस वगैरेंचे छोटे धडे मराठी आवाजातही आहेत, आणि व्हिडिओ शेजारी ठेवून बरोबरीने करत जायचं ही त्यांची पद्धत फार चांगली आहे.

इंग्रजीची धास्ती घेऊन मात्र थांबू नका. टॅगची नावं म्हणजे इंग्रजी शब्दांचे तुकडे आहेत. पी म्हणजे पॅराग्राफ, एलआय म्हणजे लिस्ट आयटम, टीआर म्हणजे टेबल रो. पन्नासेक शब्दांत सगळा कारभार आटोपतो. भाचीने वहीत दोन रकाने केले, डावीकडे टॅग, उजवीकडे मराठीत त्याचं काम. तीन आठवड्यांत ती वही मागे पडली, कारण गरजच उरली नाही. ब्राउझरचं भाषांतर वापरून समजून घ्यायलाही हरकत नाही, फक्त कोड नेहमी मूळ पानावरून पाहा. हिंदी व्हिडिओही भरपूर आहेत. तेही पारखून घ्या आणि एक नियम पाळा: दहा मिनिटं पाहिलं की थांबवायचं, बंद करायचं आणि पाहिलेलं न बघता लिहायचं.

पहिली फाइल

कुठलंही चांगलं साधन घेतलं तरी पहिल्या संध्याकाळी माणूस अडतो ते बहुतेक धडे न सांगणाऱ्या गोष्टींवर, म्हणून इथे जरा थांबतो.

विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलं, इंडेक्स डॉट एचटीएमएल नावाने सेव्ह केलं, दुहेरी क्लिक केलं, आणि पान उघडण्याऐवजी पुन्हा नोटपॅडच उघडलं. कारण विंडोजने शेवटी गुपचूप डॉट टीएक्सटी जोडलं आणि ते लपवूनही ठेवलं. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन फाइलनेम एक्स्टेन्शन दाखवायची खूण करा, मग खरं नाव दिसेल. हे एकदा केलंत की आयुष्यभराचं काम झालं.

व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा फुकट एडिटर घेतला तर काम अजून सुकर होतं. रिकाम्या एचटीएमएल फाइलमध्ये उद्गारचिन्ह टाकून टॅब दाबलं की पानाचा सांगाडा तयार मिळतो. त्या सांगाड्यात पानाची भाषा सांगणाऱ्या लँगपुढे ईएन असतं, म्हणजे इंग्रजी. मराठी पानासाठी तिथे एम आणि आर ही दोन अक्षरं लिहा. हे बहुतेकांचं राहून जातं. स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, कोणत्या भाषेत वाचायचं ते यावरून कळतं. शिवाय काही फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात, ती याच दोन अक्षरांवरून उमटतात. आपल्या अक्षराचं वळण आपल्या पानावर दिसावं असं वाटत असेल तर एवढे कष्ट घ्याच.

दुसरी अडचण कोट्सची. व्हॉट्सॲप, वर्ड किंवा पीडीएफमधून कोड उचलला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वाकडी येतात. दिसायला सुंदर, पण एचटीएमएलला ती अवतरणचिन्हं वाटतच नाहीत, आणि फोटो गायब किंवा लिंक मेलेली. कोड हाताने टाइप करा. त्याने हातही बसतो.

तिसरी आपली खास: मराठी अक्षरांच्या जागी विचित्र चिन्हांची रांग. कारण बहुधा तिनांपैकी एक. एक तर यूटीएफ-८ ची ओळ राहिली किंवा फाइल वेगळ्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या दुसऱ्या पद्धतीत, सेव्ह झाली. जुन्या विंडोजमधलं नोटपॅड मुळात एएनएसआय या जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करायचं. २०१९ पासूनच्या विंडोज १० मध्ये यूटीएफ-८ हेच मूळ आहे. किंवा मग मजकूर युनिकोडमध्ये नाहीच, कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तसा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. ताईची जुनी भावयादी अशीच होती. ती शेवटी भाचीने इनस्क्रिप्ट कीबोर्डवर पुन्हा टाइप केली, आणि त्यातच दोन जुने भावही दुरुस्त झाले.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनीही थांबू नये. एमडीएनचं प्लेग्राउंड (कोड लिहून लगेच बघायचं पान) मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालतं, आणि अँड्रॉइडवर एकोडसारखे एडिटर मिळतात. कोनी कंस टाइप करताना चिडचिड होईल, पण शिकता येतं. शक्य झालं तर आठवड्यातून दोन तास कॉलेजच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या संगणकावर बसा.

रोजचा तपासनीस

डब्ल्यूथ्रीसीचा व्हॅलिडेटर फुकट आहे. पत्ता द्या, फाइल चढवा किंवा कोड थेट चिकटवा. ब्राउझरने पोटात घातलेली प्रत्येक चूक तो ओळ क्रमांकासह बाहेर काढतो. फॉन्ट टॅग दिला तर तो कालबाह्य आहे, सीएसएस वापरा, असं सांगतो. ऑल्ट विसरलात तर तेही. मला क्लासच्या दिवसांत हा माहीत असता तर माझं वर्ष वाचलं असतं, आणि म्हणूनच मी तो पहिल्याच आठवड्यात हाती देतो.

यादी लांबलचक आली तरी घाबरू नका. नेहमी वरून पहिली चूक दुरुस्त करा आणि पुन्हा तपासा. एक टॅग बंद करायचा राहिला की त्याच्यापायी खाली पाच-सहा तक्रारी येतात, आणि तो एक टॅग बंद केला की सगळ्या एकदम जातात. भाचीच्या पहिल्या तपासणीत ११ चुका होत्या; तक्त्यातल्या एका न मिटलेल्या टॅगने त्यातल्या सात आणल्या होत्या.

तरीही अडलं तर आधी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर शोधा. तुमचा प्रश्न बहुधा कुणीतरी आधीच विचारलेला असतो, फक्त उत्तराची तारीख बघून घ्या. एआय मदतनीसही वापरा, पण त्याला पान लिहायला सांगू नका. स्वतः लिहिलेला तुकडा द्या आणि विचारा, यात चूक कुठे आहे आणि ती चूक का आहे? पान त्याने लिहिलं तर पान होईल, शिकणं होणार नाही. माणसाला विचारताना अख्खी फाइल पाठवू नका. जिथे बिघडलंय तेवढ्याच पाच-सहा ओळी, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं लिहा. हे लिहिता लिहिताच बऱ्याचदा उत्तर सापडतं.

पान लोकांपुढे

पान स्वतःच्या संगणकातच राहिलं तर शिकण्यातली निम्मी मजा जाते. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर फुकट खातं काढा. तुमच्या वापरकर्ता नावापुढे डॉट गिटहब डॉट आयओ जोडून त्या नावाची रिपॉझिटरी, म्हणजे तिथलं फाइलांचं फोल्डर, बनवा, त्यात इंडेक्स फाइल आणि फोटो चढवा. काही मिनिटांत पान त्याच पत्त्यावर दिसू लागतं. हे सगळ्यांना दिसणारं असतं, म्हणून फोन नंबर किंवा घराचा पत्ता टाकताना ज्याचा आहे त्याला विचारून टाका.

इथे एक गंमत हमखास होते. संगणकावर दिसणारे फोटो वर चढवल्यावर दिसत नाहीत. एक कारण म्हणजे फोटोचा पत्ता सी ड्राइव्हपासून लिहिलेला असतो, आणि तो ड्राइव्ह फक्त तुमच्या संगणकात आहे. फोटो पानाच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि नुसतं नाव लिहा. दुसरं कारण अक्षरांच्या आकाराचं. विंडोजला जेपीजी कॅपिटल अक्षरांत लिहिलं काय आणि स्मॉल अक्षरांत लिहिलं काय, सारखंच. गिटहबच्या सर्व्हरला तसं नाही. भाचीच्या कुरडयांचा फोटो याच कारणाने दोन दिवस दिसत नव्हता. फाइलांची नावं पहिल्यापासून स्मॉल इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून आलेला चार-पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवू नका, लहान करून घ्या. गावाकडच्या नेटवर्कवर पान उघडायला लागणारा वेळ त्यावरच ठरतो.

पान चढलं की दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडा. फोनची लिंक दाबून बघा. लिंकच्या पत्त्यात टेल, मग विसर्गासारखे दोन ठिपके आणि अधिक एक्क्याण्णवसह नंबर असेल तर डायलर उघडतो. पान मोबाइलवर बारीक दिसत असेल तर हेडमध्ये पान फोनच्या रुंदीत बसवणारी व्ह्यूपोर्टची मेटा ओळ राहिली आहे. व्हीएस कोडच्या सांगाड्यात ती आधीच असते.

ताईचं पान दिसायला अगदी साधं आहे, पांढऱ्यावर काळं, एकही रंग नाही. भाचीला रंग, बॉर्डर, गोल कोपऱ्यांचे फोटो सगळं हवं होतं आणि मी तिला महिनाभर थांबवून ठेवलं. व्हॅलिडेटरने एकही चूक दाखवली नाही त्या संध्याकाळी तिने एमडीएनवर एचटीएमएलला लागूनच असलेला सीएसएसचा पहिला धडा उघडला. तुमचं पान त्या ठिकाणी पोहोचलं की तुम्हीही तोच उघडा.